अडखळणाऱ्या गाडीचा अभ्यासक्रम

२७ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात प्रज्ञान रोव्हरसमोर सुमारे ४ मीटर व्यासाचे एक विवर आले. ३ मीटर अंतरावर असतानाच ते ध्यानात आले, रोव्हरला मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली आणि तो नव्या वाटेने मार्गस्थ झाला. त्या विवराचे आणि परतीच्या चाकखुणांचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. प्रज्ञानचे वजन अवघे २६ किलो, वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. चंद्रावरील एका दिवसाच्या कामात त्याने कापलेले एकूण अंतर सुमारे १०० मीटर, म्हणजे शाळेच्या क्रीडामहोत्सवातील सर्वांत छोट्या शर्यतीएवढे. मात्र या १०० मीटरांतील प्रत्येक दगडाचा आधी विचार करावा लागला होता.

मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या यंत्रासाठी एवढा विचार कशाला, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला पडला, तर त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात शोधण्याची गरज नाही. घराच्या अंगणातील चार दगड आणि स्वतःच्या हाताने जोडलेली एक छोटी गाडी त्याला पुरेशी आहे.

अशा गाडीला रॉक क्रॉलर म्हणतात. खडकांवरून रांगत जाणारी, रेडिओ-नियंत्रित, खऱ्या जीपच्या बहुधा एक-दशांश आकाराची ही प्रतिकृती असते. रेडिओवर चालणाऱ्या इतर गाड्यांचा कस वेगावर लागतो. हिचा कस लागतो तो न उलटता, न घसरता, न अडकता पुढे जाण्यावर. हौशी मंडळी तिला छंद मानतात आणि पालक तिला खेळणे मानतात. वस्तुतः शालेय यंत्रशास्त्राचा एवढा नेमका आणि एवढा स्वस्त अभ्यासक्रम दुसरा सापडणे कठीण आहे.

हा विषय आज निकडीचा ठरण्याचे कारण राष्ट्रीय आहे. २०१६ पासून देशात अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या. प्रत्येक शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, अशा हिशेबाने सुमारे १०,००० प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याचे जाहीर झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. प्रश्न एवढाच, की या प्रयोगशाळांच्या टेबलावर काय ठेवले जाणार? चित्रे पाहून तासाभरात जुळणारा तयार संच, की करवत, ड्रिल, मोटर आणि एक रिकामी वही? पहिल्या पर्यायातून प्रदर्शनात फिरणारा रोबो मिळतो. दुसऱ्यातून अभियंता घडण्याची शक्यता निर्माण होते.

ही शक्यता कोठून येते, ते गाडीच्या एकेका भागाकडे पाहिले की स्पष्ट होते.

पहिली गाठ पडते ती गिअरशी. गाडीचे वजन २.५ किलो धरावे आणि तिला ४५ अंशांच्या उतारावर चढवायचे आहे असे मानावे. गुरुत्वाकर्षण तिला उतारावरून मागे ओढते ते सुमारे १७ न्यूटन बलाने. चाकाची त्रिज्या ५.५ सेंटिमीटर असेल, तर सर्व चाकांवर मिळून जवळपास ०.९५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, हवी. मोटर आणि चाक यांच्यामध्ये ४० पट गिअर असतील, तर मोटरवर ०.०२४ न्यूटन-मीटरचा भार येतो. निम्मी शक्ती घर्षणात गेली असे धरले तरी सुमारे ०.०५. छोट्या मोटरला हे झेपते. गिअर केवळ १० पट असतील, तर हाच भार चौपट होतो. मोटर अडते, तापते आणि जळका वास सुटतो.

ही ताकद फुकट मिळत नाही, हेही त्याच हिशेबात दिसते. मिनिटाला १०,००० फेरे घेणारी मोटर ४० पट गिअरमधून चाकाला २५० फेरे देते. ३४.५ सेंटिमीटर परिघाचे चाक मग सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालते, म्हणजे माणसाच्या झपाझप चालण्याएवढे. वेग द्यावा आणि ताकद घ्यावी, हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा व्यवहार नववीच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. गाडी बांधणाऱ्याला तो आठवडाभर पुरतो.

अडलेली मोटर का जळते, हा प्रश्नही येथेच उभा राहतो. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचे विद्युत्दाब निर्माण करत असते आणि त्यामुळे प्रवाह मर्यादेत राहतो. ती थांबली की हा अडसर नाहीसा होतो आणि तारांमधून सर्वाधिक प्रवाह वाहू लागतो. त्याच क्षणी बॅटरीचा दाब कोसळतो, रेडिओचा ग्राहक बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि ऐन चढावर गाडी मेल्यासारखी होते. पुष्कळ विद्यार्थी अशा वेळी प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. चूक प्रोग्रामची नसते, वीजपुरवठ्याची असते. मोटर आणि ग्राहक यांना स्वतंत्र पुरवठा द्यावा लागतो, हे शहाणपण वायर जोडून दिलेल्या संचातून येत नाही.

दुसरी गाठ डिफरन्शियलची. वळताना बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, म्हणून मोटारीच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना असते. रस्त्यावर ती वरदान ठरते, खडकावर शाप. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते. एक चाक हवेत लटकले की त्याला फिरण्यासाठी जवळजवळ काहीच टॉर्क लागत नाही आणि जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. अधांतरी चाक गरगरत राहते, गाडी जागची हलत नाही. म्हणून क्रॉलरमध्ये डिफरन्शियल कायमचे जखडून टाकतात. त्याची किंमत वळणावर मोजावी लागते: चाके फरफटतात आणि वळणाचा घेर वाढतो. प्रज्ञानने ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवली. त्याच्या सहाही चाकांना स्वतंत्र मोटर आहे आणि दोन बाजूंच्या चाकांच्या वेगात फरक करून तो वळतो. एकाच प्रश्नाची दोन उत्तरे असू शकतात आणि प्रत्येक उत्तराची स्वतंत्र किंमत असते, हा अभियांत्रिकीचा पहिला धडा येथे हाताला लागतो.

तिसरी गाठ तोलाची. चाकांमधील अंतराचा निम्मा भाग १० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ८ सेंटिमीटर असेल, तर गाडी बाजूला सुमारे ५१ अंश कलेपर्यंत उलटत नाही. मग कोणाला तरी गाडी खरीखुरी दिसावी असे वाटते. छतावर लोखंडी जाळी, तिच्यावर छोटे डबे, दोरखंड आणि जादा चाक येते. हा सारा साज २०० ग्रॅमचा आणि जमिनीपासून २० सेंटिमीटर उंचीवर. गुरुत्वमध्य सुमारे ९ मिलिमीटर वर सरकतो आणि ५१ अंशांचे ४८ होतात. हे तीन अंश कागदावर किरकोळ वाटतात. दगडावर तेच गाडी उलटवतात. उलट, बॅटरी पुढच्या चाकांजवळ आणि शक्य तितकी खाली बसवली, की तीच गाडी मघाशी अडलेला चढ निमूटपणे चढून जाते. वजन वाढवले नाही, कमी केले नाही, केवळ हलवले. गुरुत्वमध्य ही कल्पना यानंतर विसरली जात नाही.

चौथी गाठ घर्षणाची. ४५ अंशांच्या उतारावर न घसरता उभे राहण्यासाठी घर्षणगुणांक किमान १ असावा लागतो. कडक प्लॅस्टिकचे चाक तेथपर्यंत पोहोचत नाही. मऊ रबर आणि त्याच्या आत स्पंज असलेले टायर दगडाच्या कडेभोवती लवते, कड पकडते आणि तग धरते. विकतचे टायर महाग वाटत असेल, तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चाकावर चिकटवून पाहाव्यात. चाके जखडून गाडी फळीवर ठेवावी, फळीचे एक टोक हळूहळू उचलावे आणि गाडी ज्या कोनात घसरू लागेल त्याचे टॅन काढावे, तोच घर्षणगुणांक. त्रिकोणमिती कशाला शिकायची, या सनातन प्रश्नाचे एक उत्तर त्या फळीवर आहे.

याच टप्प्यावर एक विलक्षण गोष्ट निदर्शनास येते. घसरण्याचा कोन आणि उलटण्याचा कोन या दोन्ही गणितांत गुरुत्वाकर्षणाचे मूल्य उरत नाही. ते दोन्ही बाजूंनी कटून जाते. म्हणजे कठीण खडकावर जो उतार पृथ्वीवर गाडीला उलटवील, तोच चंद्रावरही उलटवील, जरी तेथे वजन एक-षष्ठांश असले तरी. सैल मातीचे वर्तन मात्र वेगळे असते. तेथे चाक किती रुतेल हे भारावर, चाकाच्या रुंदीवर आणि कणांच्या स्वभावावर ठरते. म्हणूनच चांद्रमोहिमेच्या तयारीसाठी इस्रोला तमिळनाडूतील सित्तमपुंडी परिसरातील अनॉर्थोसाइट खडक दळून चंद्राच्या मातीसारखी माती तयार करावी लागली. अंगणातील क्रॉलर बारीक वाळूत नेला की हा फरक दोन मिनिटांत उमगतो.

घरी बांधलेली गाडी म्हणजे रोव्हर नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एक-दशांश प्रतिकृतीत लांबी दहापट कमी होते, वस्तुमान हजारपट. २,००० किलोची जीप २ किलोची होते. पण भागांची ताकद त्यांच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते आणि ती केवळ शंभरपट घटते. परिणामी प्रतिकृती स्वतःच्या वजनाच्या तुलनेत मूळ गाडीपेक्षा दहापट दणकट असते. तीन पायऱ्यांवरून कोसळूनही खेळण्यातली जीप शाबूत राहते, यात कारागिराचे कौशल्य कमी आणि गणिताची कृपा अधिक. प्रतिकृती पडते तीही सुमारे तिप्पट लवकर, कारण पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. तिचे चित्रीकरण तिपटीने संथ करून पाहिले की ती एकदम खऱ्या जीपसारखी डौलदार वाटू लागते. प्रतिकृती काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करत नाही, हे ओळखणे हाच वैज्ञानिक विवेक आहे.

दुसरा फरक डोळ्यांचा. क्रॉलर चालवणारा गाडीशेजारी उभा असतो. चंद्रापर्यंत रेडिओ संदेश जायला सुमारे १.३ सेकंद लागतात आणि उत्तर यायला तेवढेच. प्रज्ञानच्या कॅमेऱ्यांची छायाचित्रे पृथ्वीवर यायची, त्यांवरून भूभागाच्या उंचसखलपणाचा नकाशा तयार व्हायचा आणि मग मार्ग ठरायचा. शाळेत हा अनुभव देता येतो. चालकाला शेजारच्या खोलीत बसवावे, गाडीजवळच्या विद्यार्थ्याने फोनवरून केवळ स्थिर छायाचित्रे पाठवावीत आणि प्रत्येक छायाचित्रानंतर एकच आज्ञा द्यायची मुभा असावी. १० मीटरांच्या अंगणाला किती वेळ लागतो, हे पाहिल्यावर प्रज्ञानचे १०० मीटर थोडे वाटणार नाहीत.

अपयशाच्या बाबतीत मात्र अंगण आणि ग्रह यांत मोठे साम्य आहे. नासाचा स्पिरिट रोव्हर २००९ मध्ये मंगळावरील मऊ मातीत रुतला. कॅलिफोर्नियात वाळूचा हौद तयार करून तशाच रोव्हरवर सुटकेचे प्रयोग झाले. तरीही स्पिरिट सुटला नाही आणि २०१० मध्ये तो जागीच स्थिर राहणार हे मान्य करावे लागले. क्युरिऑसिटीच्या चाकांचा ॲल्युमिनियमचा पत्रा ०.७५ मिलिमीटर जाडीचा होता. टोकदार खडकांनी २०१३ पासूनच त्याला भोके पाडली. पुढच्या पर्सिव्हिअरन्सची चाके म्हणूनच अधिक जाड पत्र्याची आणि थोडी अधिक व्यासाची केली गेली. फाटलेल्या चाकाने पुढचे चाक घडवले. हे घडले, कारण प्रत्येक भोकाची नोंद ठेवली गेली होती.

आपल्या शाळांचे दुखणे नेमके येथे आहे. आपल्याकडे प्रयोग यशस्वी व्हावा लागतो. प्रयोगवहीत उत्तर बरोबर यावे लागते, प्रदर्शनात रोबो चालावा लागतो, चित्रफितीत सगळे हसत असावे लागतात. तुटलेल्या गिअरला गुण नाहीत. गुण नसलेल्या गोष्टीसाठी विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांपैकी कोणीही वेळ काढत नाही, आणि त्यासाठी त्यांना दोष देणेही योग्य नाही. व्यवस्था ज्याला मोल देते, तेच माणसे करतात.

याला उपाय नाही असे मात्र नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत एक विज्ञान-शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. मुले स्वतः प्रयोग करत, स्वतःच्या नोंदींवरून निष्कर्ष काढत आणि परीक्षेला पुस्तक-वही सोबत नेत. प्रात्यक्षिक हा परीक्षेचा खरा भाग होता. पुढे तो शेकडो शाळांत पोहोचला. याच कार्यक्रमात काम करताना अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून भूमितीची खेळणी घडवली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला, तोही हाताने काम करत शिकण्याच्या विश्वासावर. होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका निर्णयाने थांबते, याचा अर्थ एवढाच, की साहित्य वाटून काम भागत नाही. मूल्यमापनात आणि व्यवस्थेत तिची मुळे रुजावी लागतात.

खर्चाचा आक्षेप साहजिक आहे. परदेशी बनावटीचा तयार क्रॉलर सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचा असतो, यात शंका नाही. परंतु घरी बांधलेल्या गाडीला तो परवाना लागत नाही. पिवळ्या खोक्यातील बीओ मोटर देशातल्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळते, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट किंवा दिल्लीचे लजपत राय मार्केट. तिच्या आत ४८ पट गिअर आधीच बसवलेले असतात. चौकटीला ॲल्युमिनियमची पट्टी, सांध्यांना सायकलचे स्पोक, स्प्रिंगांना जुनी बॉलपेने आणि दिशा देण्यासाठी एक सर्व्हो. ही गाडी ४५ अंश चढणार नाही, कदाचित २५ अंशच चढेल. ती २५ अंशांवर का थांबली, हे सांगता येणे म्हणजेच शिक्षण.

धोक्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. लिथियम बॅटरी ही हेळसांड खपवून घेणारी वस्तू नव्हे. एका घटाचा दाब ४.२ व्होल्टच्या वर नेऊ नये, ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. फुगलेली बॅटरी वापरू नये, चार्जिंगला लावून झोपू नये आणि जुन्या लॅपटॉपमधील घट उकरून काढण्याचा मोह टाळावा. पहिल्या गाडीला साधे पेन्सिल सेलही पुरतात. शिस्त शिकवूनच बॅटरी हाती द्यावी. शिस्त शिकवण्याचे टाळण्यासाठी गाडीच कपाटात ठेवू नये.

नव्या ५०,००० प्रयोगशाळांबाबत म्हणूनच तीन गोष्टींचा आग्रह धरला जावा. पहिली, अनुदानाचा ठरावीक भाग खर्च होऊन जाणाऱ्या साहित्यासाठी राखावा, आणि मोडलेली मोटर व जळलेला सर्किट बोर्ड यांबद्दल शिक्षकाला खुलासा द्यावा लागू नये. मोडतोडीची भीती असलेली प्रयोगशाळा कुलपातच राहते. दुसरी, गावातील फिटर, लेथवर काम करणारा कारागीर, दुचाकी दुरुस्त करणारा मेकॅनिक यांना मानधन देऊन बोलवावे. शाळेच्या भिंतीपलीकडे असलेले हे ज्ञान राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील दप्तरविरहित दिवसांच्या कल्पनेशी सहज जुळते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, मूल्यमापन गाडीचे नव्हे, वहीचे व्हावे. काय मोडले, का मोडले असे वाटले, कोणता एक बदल केला आणि त्यानंतर काय झाले, या चार प्रश्नांची नोंद ज्या वहीत प्रामाणिकपणे असेल, तिला पूर्ण गुण मिळावेत. मग गाडी अंगणाच्या मध्यावर उलटी पडलेली का असेना.

इस्रोच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अवकाश-रोबो बांधण्यासाठी स्पर्धेचे निमंत्रण दिले, तेव्हा देशाला पुढच्या मोहिमांसाठी कशा प्रकारचे हात हवे आहेत याचा संकेत मिळाला होता. असे हात महाविद्यालयात अचानक तयार होत नाहीत. ते बाराव्या-तेराव्या वर्षी, दगडावर अडकलेल्या गाडीपुढे उकिडवे बसून, कोणते चाक हवेत आहे ते वाकून पाहताना तयार होतात.

प्रज्ञान विवरापासून मागे फिरला, तेव्हा कोणी त्याला नापास केले नाही. माघार घेण्याची, चूक नोंदवण्याची आणि नवी वाट धरण्याची तीच मुभा नववीतल्या विद्यार्थ्यालाही मिळायला हवी.

#विज्ञानशिक्षण #चांद्रयान३ #अटलटिंकरिंगलॅब